वरवंटा जागच्या जागी

"सरळ चौऱ्याऐंशी घ्या आणि मोकळे व्हा," बाररूममधल्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी मला सांगितलं. दोषारोपपत्राची प्रत नुकतीच हातात पडली होती. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून आलेलं काम. कलम ३०२ आणि २०१, म्हणजे खून आणि पुरावा नष्ट करणं. आरोपी बावीस वर्षांचा, कुणाच्या डोळ्यांत न बघणारा, विचारलेला प्रश्नच परत म्हणून दाखवणारा. संभाजीनगरच्या अदालत रोडवर फौजदारी काम करणाऱ्या बहुतेकांनी हाच सल्ला दिला असता. तो मायेनंच दिलेला होता.

कलम ८४ म्हणजे वेडाचा बचाव. भारतीय न्याय संहितेत त्याचा आकडा २२ झाला, आशय तोच राहिला: मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत, ते चूक आहे की बेकायदा, हे कळण्याची ज्याची कुवत नव्हती, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. तरतूद दयाळू आहे आणि खरोखर आजारी माणसासाठी ती हवीच. पण त्या दारातून आत गेल्यावर पुढे काय असतं, हे आरोपीच्या घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. कुवत नव्हती हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. आणि सिद्ध झालंच, तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३३४ प्रमाणे न्यायाधीशांना निकालपत्रात लिहावं लागतं, की ते कृत्य या माणसानं केलं होतं की नाही. केलं होतं असं लिहिलं की ३३५ आलं: सुटकेनंतरही सुरक्षित ताबा, नाहीतर नातलगांच्या हमीवर घर. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत हीच कलमं ३७३ आणि ३७४ म्हणून उतरली आहेत. म्हणजे शिक्षा नाही, पण खून याच्या नावावर कायमचा.

आरोपीची आई एका खानावळीत पोळ्या लाटायची. मी तिला हे सगळं जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, लेकरानं केलंच नाही, तर माफी कशाची मागायची?" बाररूममध्ये तास तास वाद घालूनही आम्ही ज्या मुद्द्यावर येत नाही, तिथं ती एका वाक्यात आली होती.

ओळख पटू नये म्हणून गल्ली आणि माणसं मी इथं धूसर ठेवतो आहे.

संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांत नळाला रोज पाणी येत नाही, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. पैठणचा नाथसागर काठोकाठ भरलेला असला तरी गल्लीत 'पाण्याचा दिवस' यावा लागतो. त्या दिवशी पहाटे सगळी गल्ली जागी असते, मोटारी सुरू होतात, पाइपांवरून भांडणं होतात. त्याच्या गल्लीतल्या बायका पाणी कधी येणार हे माझ्या पक्षकाराला विचारायच्या. त्याच्याकडे वह्या होत्या. तारीख, पाणी आलं ती वेळ, गेलं ती वेळ, आणि पुढे एकच शब्द, 'बारीक' किंवा 'मोठं'. कित्येक वर्षांच्या नोंदी. लाइनमननं व्हॉल्व्ह उघडायला दहा मिनिटं उशीर केला तर हा ओट्यावर अस्वस्थ होऊन झुलत बसायचा.

शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक आजी एकट्या राहत. मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला. पाण्याच्या दिवशी हा त्यांच्याकडे जाऊन आधी ड्रम, मग माठ, मग दोन हंडे भरायचा. या क्रमात कधी फरक नाही. भरून झालं की आजी दोन बिस्किटं द्यायच्या. दोनच, तिसरं दिलं तर तो परत ठेवायचा.

त्या पहाटे दार नुसतं लोटलेलं होतं. आजी स्वयंपाकघरात पडलेल्या होत्या, डोक्याला मार, आणि पाट्यावरचा वरवंटा उंबऱ्यापाशी. त्यानं ड्रम भरला. माठ भरला. हंडे भरले. वरवंटा ओल्या फडक्यानं पुसला आणि पाट्यावर ठेवला, कारण वरवंट्याची जागा पाट्यावर असते. फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं. बिस्किटांसाठी थोडा थांबला. मग घरी येऊन वहीत नोंद केली आणि कुणाला काहीही सांगितलं नाही. साडेसहाच्या सुमारास दूधवाल्यानं आरडाओरड केली, तेव्हा हा स्वतःच्या दारात उभा राहून कानांवर हात ठेवून बघत होता. शर्टाच्या बाहीवर फिकट लाल डाग.

आता हे सगळं तपास करणाऱ्याच्या नजरेनं वाचा. हत्यार पुसलं, म्हणजे पुरावा नष्ट केला. घटनास्थळी थांबला. कुणाला कळवलं नाही. बाहीवर रक्त. दोषारोपपत्रात शेजाऱ्यांचे जबाब होते आणि आठही जबाबांत एकच वाक्य होतं, की सदर इसमाच्या चेहऱ्यावर दुःखाचे कोणतेही भाव दिसून आले नाहीत व तो नजर चुकवीत होता. आमच्याकडे कलम १६१ चे जबाब वाचताना नेहमी वाटतं, की अख्ख्या गल्लीला एकाच माणसानं बोलायला शिकवलं असावं. तरी या वाक्यात खोटं काही नव्हतं. भाव खरंच दिसले नसणार. त्याच्या चेहऱ्यावर ते आईलाही क्वचितच दिसतात.

पोलिसांनी त्याला आधी 'चौकशीसाठी' म्हणून नेलं, साक्षीदार म्हणून. जुन्या प्रक्रिया संहितेच्या कलम १६० चं परंतुक सांगत होतं की मानसिक किंवा शारीरिक दिव्यांग व्यक्तीला तिच्या राहत्या जागेखेरीज दुसरीकडे हजर राहायला सांगता येत नाही. ठाण्यात हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. हा दिव्यांग आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं. काठी नाही, चाकाची खुर्ची नाही, अंगानं धडधाकट. रात्री उशिरा त्याच्या नावानं जबाब तयार झाला.

तो कसा तयार झाला असेल, हे मला त्याच्याशी पहिल्यांदा बोललो तेव्हा कळलं. "तू जेवलास का?" मी विचारलं. "तू जेवलास का," तो म्हणाला. मी म्हटलं, "तू आजींकडे गेला होतास?" उत्तर आलं, "गेला होतास." ताण वाढला की तो शेवटचा तुकडा उचलून परत म्हणतो आणि त्याच्या बोलण्यात 'मी' फार कमी येतो. मग 'तू मारलंस ना?' या प्रश्नाला ठाण्यात काय उत्तर मिळालं असेल? कागदावर मात्र स्वच्छ लिहिलं होतं, 'मी मारले.' लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमवरचा निबंध लिहिला. त्यात त्यांनी अकरा मुलांची हकिगत सांगितली. ऐकलेलं तसंच परत म्हणणं, स्वतःला 'तू' म्हणणं, वस्तू आणि दिनक्रम जसेच्या तसे राहावेत म्हणून हट्ट धरणं, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, हे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मुळे सुदैवानं ठरलेलं होतं. पण २७ ची खिडकी उघडी राहते. आरोपीनं दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. पंचांसमोर त्याला विचारलं गेलं, वरवंटा कुठं आहे? तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि पाट्याकडे बोट दाखवलं. झाला पंचनामा: आरोपीने स्वखुशीने लपवून ठेवलेले हत्यार काढून दिले. पाट्यावर ठेवलेला वरवंटा, 'लपवून ठेवलेला'. महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात तुम्हाला तो असाच लपलेला सापडेल. उलटतपासात मी पंचाला एवढंच विचारलं, की तुमच्या घरी वरवंटा कुठं असतो. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, न्यायाधीशांनी ती फेटाळली, आणि पंच म्हणाला, "पाट्यावरच की साहेब."

हे पुढचं झालं. आधी त्याच्याशी बोलता यायला हवं होतं. कारागृहाच्या मुलाखतीच्या खोलीत शेजारी दहा कुटुंबं एकाच वेळी ओरडून बोलत असताना तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. त्याच्या आईला आयुष्यभर वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळं सांगितलं होतं. शाळेनं 'मंद' म्हणून चौथीत घरी पाठवलेला. कुणी बाहेरची बाधा सांगितली. कुणी लग्न लावून द्या म्हणालं. या शहराला ऑटिझम अनोळखी आहे असं नाही. अंबिका टाकळकर यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्तानं इथं 'आरंभ' ही संस्था उभी केली आहे आणि अनेक पालकांना स्वमग्नता हा शब्द तिथं पहिल्यांदा नीट कळला आहे. पण पोळ्या लाटून रात्री दहाला घरी येणाऱ्या बाईपर्यंत तो शब्द पोहोचला नव्हता.

एका विशेष शिक्षिकेनं मला शिकवलं. ऑटिझमच्या माणसाला 'का' विचारू नका, 'मग काय' विचारा. एका वाक्यात एकच गोष्ट ठेवा. प्रश्न लिहून द्या. उत्तरासाठी थांबा, वकिलाला सवय असते त्याच्या दसपट थांबा. तिनं एक कोरी वही नेऊन दिली. वर तारीख घातली, खाली लिहिलं, 'पाणी आलं.' त्यानं पुढे वेळ लिहिली. 'मग काय?' 'ड्रम.' 'मग काय?' 'माठ.' अशी ओळीमागून ओळ उतरत गेली. आजींबद्दल एकच नोंद होती, 'आजी खाली. उठल्या नाहीत.' त्याच्यापुढे, 'बिस्किट नाही.' ही नोंद निर्विकार वाटेल. शिक्षिका मात्र म्हणाली, की आजी नेहमीसारख्या वागल्या नाहीत हे त्याच्या जगातलं सगळ्यांत मोठं संकट आहे आणि ते तो सांगतोच आहे.

मग न्यायालयाच्या आदेशानं तपासणी झाली. आपल्याकडे त्यासाठी आयएसएए नावाचं मोजमाप आहे, सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेलं. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. ७० च्या आत ऑटिझम नाही, १०७ ते १५३ मध्यम, त्याच्या वर तीव्र. हा मध्यम गटात आला. अहवाल वाचता वाचता मी तो दोषारोपपत्राच्या शेजारी ठेवला. डोळ्याला डोळा न देणं: दोषारोपपत्रात 'नजर चुकवीत होता.' प्रसंगाला न शोभणारी भावना: 'दुःखाचे भाव नव्हते.' शब्द तसेच परत म्हणणं: 'उडवाउडवीची उत्तरे दिली.' धोक्याची भीती नसणं: 'निर्ढावलेला.' पोलिसांनी रात्रभर बसून एका माणसाच्या ऑटिझमची बऱ्यापैकी अचूक नोंद केली होती, फक्त तिचं शीर्षक चुकलं होतं.

याच काळात मी टेक्सासमधल्या रॉबर्ट रॉबर्सनचं प्रकरण वाचायला घेतलं. पॅलेस्टाइन नावाच्या गावातला हा बाप ३१ जानेवारी २००२ ला आपल्या दोन वर्षांच्या निक्कीला बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात घेऊन आला. झोपेत पलंगावरून पडली असावी, असं त्यानं सांगितलं. डॉक्टरांनी लेकराला गदागदा हलवून मारल्याचं निदान केलं, ज्याला 'शेकन बेबी सिंड्रोम' म्हणतात. आणि दवाखान्यातल्या लोकांना, पोलिसांना त्याचं वागणं खटकलं. पोर मरायला टेकलेली आणि हा बाप एवढा कोरडा कसा? २००३ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. ऑटिझमचं निदान झालं २०१८ साली, शिक्षेला पंधरा वर्षं झाल्यावर. मुलगी त्या दिवसांत तापानं फणफणली होती, पुढे बचाव पक्षाच्या तज्ज्ञांनी न्यूमोनिया आणि तिला दिलेल्या औषधांकडे बोट दाखवलं, आणि 'शेकन बेबी'च्या निदानाच्या शास्त्रीय पायावरच जगभर प्रश्न उभे राहिले. ज्या ब्रायन व्हार्टन नावाच्या तपास अधिकाऱ्यानं त्याला अटक केली होती, तो पुढे धर्मोपदेशक झाला आणि हा माणूस निर्दोष आहे, माझं चुकलं, असं उघडपणे सांगत फिरला. १७ ऑक्टोबर २०२४ ला ठरलेली फाशी त्याच रात्री थांबली. पुढच्या वर्षी पुन्हा तारीख लागली आणि ९ ऑक्टोबर २०२५ ला तिथल्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयानं ती रोखून प्रकरण खालच्या न्यायालयाकडे पाठवलं. सरकार पक्ष त्याला आजही दोषीच मानतो.

यातली मला सगळ्यांत लागलेली गोष्ट वेगळीच आहे. मूळ खटल्यात त्याच्या स्वतःच्या वकिलांनी लेकराला हलवल्यानं मृत्यू झाला हे मान्य करून टाकलं होतं. त्यांचा युक्तिवाद एवढाच, की त्याचा जीव घेण्याचा हेतू नव्हता. म्हणजे आमच्या बाररूमचाच सल्ला. आपलाच माणूस आपल्याला अनाकलनीय वाटला, की वकिलाचा हात आपोआप दयेच्या कलमाकडे जातो. खून झाला का, कधी झाला, कसा झाला, हे तपासायचं काम तिथंच थांबतं, कारण आता त्याची गरजच उरत नाही.

आमच्या प्रकरणात ती गरज होती, आणि उत्तर दोषारोपपत्रातच पडून होतं. सरकार पक्षाचं म्हणणं, पाणी आलं तेव्हा, पाचच्या आसपास, तो आत गेला आणि मारलं. महिना डिसेंबर. मरणोत्तर पंचनामा सकाळी आठला सुरू झाला आणि त्यात हवालदारानं इमानदारीनं लिहिलं होतं: प्रेत पूर्णपणे ताठरलेले. शवविच्छेदनाच्या अहवालात मृत्यूची वेळ नेहमीप्रमाणे ढोबळ. मोदींचं न्यायवैद्यकावरचं पुस्तक आमच्याकडे दोन्ही बाजूंचे वकील उघडतात. आपल्या हवेत ताठरता तास-दोन तासांत सुरू होते आणि सर्वांगात पसरायला साधारण बारा तासांपर्यंत वेळ घेते. उन्हाळ्यात लवकर, थंडीत सावकाश. डॉक्टर सरळ माणूस होते. पाच वाजता मृत्यू झाला असेल तर डिसेंबरात आठ वाजता प्रेत असं ताठणं संभवत नाही, हे त्यांनी उलटतपासात कबूल केलं. मृत्यू आदल्या रात्रीचा होता. रात्री घरात कोण होतं, हे कुणी शोधलंच नव्हतं. आरोपी सकाळी सातलाच सापडला होता ना.

वहीचं मात्र गमतीशीर झालं. पोलिसांनी ती 'गूढ आकडेमोड असलेली वही' म्हणून जप्त केली होती. मी तीच मागवून घेतली. त्या तारखेला नोंद होती: ४.५०, ६.१०, मोठं. लाइनमननं येऊन व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ सांगितली, ती जुळली. गल्लीतल्या दोन बायका साक्षीला आल्या. पाणी आलं तेव्हा हा बाहेरच्या नळावर पाइप लावत गुणगुणत होता, असं त्यांनी सांगितलं. पोलिसांना आधी का सांगितलं नाही, असं सरकारी वकिलांनी दरडावून विचारल्यावर त्यातली एक म्हणाली, "विचारलं त्याचं तोंड कसं होतं. पाण्याचं कुणी विचारलं?" बाहीवरच्या डागाबाबत रासायनिक विश्लेषकाच्या (सी. ए.) रिपोर्टमध्ये रक्तगट तेवढा जुळत होता. रक्त सुकलेलं आणि ओल्या फडक्यानं पुसताना पाण्यात मिसळून लागलेलं असलं तर डाग कसा दिसेल, हे प्रयोगशाळेला विचारण्याची तसदी कुणी घेतली नव्हती.

तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासातले तीन प्रश्न माझ्याकडे अजून टिपून ठेवलेले आहेत. तो दिव्यांग आहे हे तुम्हाला माहीत होतं? नाही. तो वेगळा वागतो हे लक्षात आलं होतं? होय. मग त्याची काय नोंद घेतली? संशयास्पद म्हणून. अधिकारी माणूस वाईट नव्हता. त्याच्या प्रशिक्षणात चेहरा वाचायला शिकवतात, आणि हा चेहरा त्या पुस्तकात नव्हता.

कायद्यातली एक फट इथं सांगायला हवी. २०१३ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ मध्ये लैंगिक अत्याचाराची पीडित व्यक्ती दिव्यांग असेल तर दंडाधिकाऱ्यांनी दुभाषा किंवा विशेष शिक्षकाची मदत घेऊन जबाब नोंदवावा आणि त्याचं चित्रीकरण करावं, अशी सोय झाली. फार चांगली सोय. पण आरोपीच दिव्यांग असेल तर? प्रक्रिया संहिता त्याच्यासाठी वेडाचं प्रकरण उघडते, नाहीतर ३१८ दाखवते, म्हणजे कामकाज न समजणाऱ्या आरोपीबाबत उच्च न्यायालयाकडे अहवाल पाठवण्याची तरतूद. वेडा नाही, अजाण नाही, पण वेगळ्या वाटेनं समजून घेणारा माणूस या दोहोंच्या मध्ये उभा राहतो. मी आधार घेतला तो दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ चा. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या कायद्यात एकवीस दिव्यांगत्वांत ऑटिझम आहे, आणि कलम १२ कुठल्याही न्यायालयापुढे न्याय मिळवण्याचा हक्क भेदभावाविना वापरता यावा असं म्हणतं. ते फक्त पीडितासाठी आहे असं कुठं लिहिलेलं नाही. जामिनाच्या वेळी मात्र मला ४३७ च्या परंतुकातलं 'आजारी किंवा दुर्बल' वापरावं लागलं. तो आजारी नव्हता, आणि दोन हंडे एकदम उचलतो तो दुर्बल कसला. पण जामीन मिळाला, दर सोमवारी ठाण्यात हजेरीच्या अटीवर.

न्यायाधीशांनी कलम १२ चा अर्ज मंजूर केला, तेव्हा आमच्या कोर्टात काही साध्या गोष्टी बदलल्या. त्याच्या प्रकरणाचा पुकारा शिपाई दारातून ओरडून न करता आत येऊन हळू आवाजात करू लागला. लुकलुकणारी एक ट्यूबलाइट बदलली गेली. ती बदला म्हणून आम्ही वकील वर्षभर नुसते म्हणत होतो. पिंजऱ्याऐवजी त्याला बाकावर शिक्षिकेशेजारी बसू दिलं. खरी कसोटी कलम ३१३ ची होती. तिथं आरोपीला एकेक पुरावा सांगून विचारतात, 'याबाबत काय म्हणायचे आहे?' आणि सवयीचा आरोपी एका दमात 'खोटे आहे' म्हणत जातो. माझ्या पक्षकारानं शेवटचे शब्द परत म्हटले असते आणि ते 'वरवंट्याने मारले' असे असते. पण ३१३ च्या पाचव्या उपकलमात दोन्ही बाजूंच्या वकिलांच्या मदतीनं प्रश्न तयार करण्याची आणि लेखी निवेदन घेण्याची मुभा आहे. न्यायाधीशांनी लांबलचक प्रश्नांचे तुकडे पाडले, कागदावर दिले, उत्तरं कागदावर घेतली. 'वरवंटा कुठं होता?' 'खाली.' 'मग काय केलं?' 'जागेवर.' सरकारी वकीलसुद्धा त्या दुपारी घड्याळाकडे न बघता बसून होते.

युक्तिवादात मी सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा शरद बिरधीचंद सारडा निकाल मांडला. परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं सांगणारा आणि त्यांना 'पंचशील' म्हणणारा हा निकाल आपल्याकडचा आहे. घटना पुण्याची, मृत विवाहितेचं माहेर आमच्या मराठवाड्यातलं, बीडचं. आणि त्याच्याआधीचा १९७३ चा शिवाजी साहेबराव बोबडे: 'केलं असेल' आणि 'केलंच आहे' यांत अंतर असतं. न्यायालयानं साखळी जुळत नाही म्हणून त्याला निर्दोष सोडलं. ८४ चा उल्लेख निकालात नाही. त्याला सोडवलं ते ताठरलेल्या प्रेतानं आणि पाण्याच्या वेळेनं. ऑटिझमच्या अहवालानं एवढंच केलं, की त्याच्या चेहऱ्याला पुरावा समजणं थांबलं आणि मग सगळ्यांनी पंचनामा नीट वाचला.

कोर्ट शेवटी सगळं निस्तरतंच, असं कुणी म्हणालं की मी अंकुश मारुती शिंदे खटल्याचं नाव घेतो. जालना जिल्ह्यातले भटक्या समाजाचे सहा जण. २००३ मध्ये नाशिकजवळ झालेल्या भयंकर हत्याकांडात धरलेले, २००९ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावलेली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. वाचलेल्या साक्षीदार बाईनं सुरुवातीला छायाचित्रांतून भलतेच चौघे ओळखले होते आणि त्यांचा मागच काढला गेला नव्हता. प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई मिळाली. सहांपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. त्यांच्यात ऑटिझम वगैरे काही नव्हतं; बघताक्षणी गुन्हेगार वाटायला आपल्याकडे तेवढंही लागत नाही.

निकालानंतरच्या सोमवारी ठाण्यातून फोन आला. "साहेब, तुमचा माणूस हजेरीला आलाय. संपलं म्हणून सांगितलं तर ऐकेना. सही करायचीय म्हणतो, रजिस्टर मागतो." सोमवार, अकरा वाजता, सही: त्याच्या आठवड्यात आता ही गोष्ट बसली होती. मी त्याला निकालाची प्रमाणित प्रत नेऊन दिली, जामीनपत्र रद्द झाल्याची ओळ दाखवली आणि वहीत लिहायला लावलं, 'सोमवार हजेरी बंद.' त्यानंतर तो गेला नाही. शिक्षिकेच्या सांगण्यावरून आम्ही सोमवारी अकराला दुसरं काम लावून दिलं, खानावळीतल्या भाज्या निवडण्याचं. रिकामी जागा ठेवायची नाही, असं तिचं म्हणणं.

आजींचा मुलगा मला कोर्टाच्या आवारात भेटला होता. मी मनाची तयारी केली होती; सुटलेल्या आरोपीच्या वकिलाला मृताचे नातलग काय काय बोलतात हे मला ठाऊक आहे. तो रागावला नाही. म्हणाला, "सर, तो पोरगा आईकडं लहानपणापासून यायचा. मलाही खात्री नव्हतीच. पण मग रात्री कोण आलं होतं?" त्याला पुढचा तपास हवा होता, कलम १७३(८) खाली; मृत्यू आदल्या रात्रीचा, हे आता निकालातच लिहिलेलं होतं. मी आरोपीचा वकील, मला त्याचा अर्ज करता येत नव्हता. मी त्याला एका सहकारी वकिलाचा नंबर दिला आणि डॉक्टरांच्या उलटतपासाची नक्कल कुठल्या टेबलावर मागायची ते सांगितलं. अर्ज दाखल झाला आहे. त्यावर अजून तारखा पडत आहेत.